तीन गेले, तीन आले

दार लोटून घे रे आधी. आणि मध्येमध्ये बोलू नका, मला ही गोष्ट तोडून तोडून सांगता येत नाही.

माझे थोरले साडू डोंगरावरच्या जंगलात वाटाडे होते. ते जंगल बाराही महिने ढगात. फांद्यांना शेवाळाच्या दाढ्या लोंबतात, पाऊस नसला तरी पानं टपटपतात. जरा चाललं की माणूस नखशिखांत भिजतो. सकाळी माणसं वर न्यायची, दिवस मावळायच्या आत खाली आणायची, हेच साडूंचं काम.

एकदा एक जोडपं आलं. नवरा दातांचा डॉक्टर, मोजकं बोलणारा. बायको मात्र बडबडी. साडूंना म्हणाली, "दादा, यांनी जन्मभर लोकांचे जबडेच बघितलेत. जरा झाडं दाखवा." साडूंनी बजावलं, ढग उतरला की बोलत राहायचं, म्हणजे कोण कुठे आहे ते कळतं. ती हसून म्हणाली, माझी काळजीच नको.

दुपारी कड्याच्या वळणावर ढग उतरला. स्वतःचा पंजा दिसेना. पुढे साडू, मध्ये डॉक्टर, मागे ती. नणंदेच्या लग्नातली कसलीशी फजिती सांगत होती. वाक्य अर्ध्यावरच राहिलं.

साडूंनी हाक मारली. उत्तर नाही...

मग ती ढगातून चालत आली. नवऱ्यामागे उभी राहिली. गप्प.

साडूंना वाटलं, घाबरली असेल. मग त्यांचं लक्ष गेलं. दोघा पुरुषांच्या अंगावरून पाणी निथळत होतं. तिचे केस कोरडे. कपडे कोरडे. बुटांना चिखल नाही.

ते डॉक्टरांच्या कानाशी लागले. "साहेब, जरा वळून बघा."

डॉक्टरांनी बघितलं. बराच वेळ. मग तिचा हात धरला.

"बघितलं. चला खाली."

खाली जंगलाच्या फाटकाबाहेर त्यांची गाडी उभी होती, दोघं तीत बसले. गाडी निघून गेली. साडूंना काही घरी राहवेना. अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन एकटेच वर गेले. अमावास्येची आदली रात्र होती. वळणावरून हाक मारली.

खालून, दरीतून आवाज आला. दमलेला.

"दादा... हे सापडले का हो?"

साडू धावत फाटकावरच्या चौकीवर आले, माणसं मागितली. चौकीवाला म्हणाला, तीन गेले, तीन आले, फाटक मीच उघडलं. शोधायचं कोणाला? शेवटी एकटेच दोर घेऊन परत गेले. हाका मारल्या...

काही नाही.

उजाडल्यावर दरीत उतरले. तिथेही काही नाही.

पुढे कधीतरी डॉक्टर एकटे आले. निम्मे झालेले. म्हणाले, ती घरी आहे. बोलत नाही. आंघोळ केली तरी केस भिजत नाहीत.

साडूंनी विचारलं, मग नेलं कशाला?

"दिसत होतं हो मला," डॉक्टर म्हणाले. "पण हात तिचाच होता."

वळणावर पालथे पडून ते तिला हाका मारत राहिले. कोणी ओ दिली नाही. संध्याकाळी उठले आणि घरी गेले. तिच्याकडे.

डॉक्टर पालथे पडले होते ना, तिथेच साडूंना ते दिसलं. मीही जाऊन बघून आलोय. कड्याच्या शेवाळात पाच बोटांच्या रेघा. त्या जंगलात विसरलेल्या चपलेवरही शेवाळ धरतं. तिथे इतक्या वर्षांत धरलेलं नाही.

आणि घसरणाऱ्याच्या रेघा खाली जातात...

या खालून वर आल्यात.