मागे चालणारं शेपूट

आधी त्या शेडमध्ये काय काय होतं ते मोजून सांगते. नंतर कोणी म्हणायला नको की पोरीने मीठमसाला लावला.

पत्र्याची एक लांब शेड. दारं दोन. खिडक्या आठ. बारा शिपाई, त्यात सगळ्यात मागे माझा सख्खा मामा, तुकडीचा हवालदार. भिंतीला टेकून उभी असलेली मी.

आणि शिकवणारा... शून्य.

तरी शिकवणी चालू होती.

हे घडलेलं आहे, आणि तेही भर दुपारी. मी तिथे होते.

मी भौतिकशास्त्र शिकले, पण नोकरी मिळाली ती हौसेने शिकलेल्या एका परक्या भाषेमुळे. आमच्या शिपायांना शिकवायला बाहेरच्या देशातून एक निवृत्त लष्करी अधिकारी आणला होता. मी त्याची दुभाषी.

त्याची पद्धत अजब होती. तो हुकूम देतच नसे. तुकडीच्या मागे चालायचा, बस्स. त्याची पावलं वाजताहेत तोवर चालायचं. पावलं थांबली की असाल तसं थिजायचं. पाय हवेत असला तर हवेत. मागे बघायचं नाही. पावलं पुन्हा वाजेपर्यंत हलायचं नाही.

"एवढ्या लांबून माणूस आणला," मामा वैतागून म्हणाला, "आणि तो करतो काय, तर आमच्या मागे फिरतो! नुसतं शेपूट!"

नाव चिकटलं. शेपूट.

एका दुपारी शेपूट जेवून आडवं झालं, ते उठलंच नाही. हृदय बंद पडलं. कागदपत्रांचं भाषांतर मी केलं. पेटी गाडीत चढली ती माझ्यासमोर.

त्यानंतरच्या आठवड्यात तुकडी मामाच्या हुकुमावर शेडमध्ये चालत होती. बुटांचा एकसारखा आवाज. आणि मधेच...

सगळे थांबले.

मामाने हुकूम दिला नव्हता. मामा स्वतःच एका पायावर उभा होता.

शेडमध्ये टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. तापलेला पत्रा रोज कुरकुरायचा. तोही गप्प.

मग सगळे एकदम चालू लागले.

"मामा, काय ऐकू आलं तुला?"

"ऐकू नाही आलं गं." त्याने घाम पुसला. "ऐकू येणं बंद झालं."

"म्हणजे?"

"घड्याळाची टिकटिक असते ना, तसं. चालू असते तेव्हा लक्ष नसतं. बंद पडली की कळतं."

"म्हणजे बंद पडेपर्यंत तो मागे चालत होता?"

मामा बुटाची नाडी बांधायला वाकला.

मी म्हटलं, सवय आहे. शरीर शिकतं. मग मी प्रत्येकाच्या कानात मेणाचे बोळे घातले.

तरी थांबले. सगळे एकाच क्षणी.

आता मला भूत वगैरेपेक्षा एकच काळजी होती. ही तुकडी लवकरच सीमेवर जाणार होती. तिथे उघड्या मैदानात हे असे थिजले तर? मामाला दोन लहान मुली आहेत.

मी मोठ्या साहेबांना शेडमध्ये घेऊन आले. त्यांच्यासमोर तुकडी थिजली. साहेबांचा चेहरा फुलला.

"वा! काय शिस्त आहे! न सांगता थांबतात!"

"साहेब, तेच म्हणतेय मी. न सांगता थांबतात."

"मग अडचण काय आहे?"

काय बोलणार? कपाळ?

कारकुनाकडे गेले. म्हटलं, निदान नवीन शिक्षक तरी आणा.

"बाई, त्यांचा करार वर्षाचा आहे."

"अहो, ते वारलेत!"

"तसा शेरा अजून वरून आलेला नाही. कागदावर ते हजर आहेत." त्याने चहाचा घोट घेतला. "आणि शिकवणी चालू आहे म्हणतात की."

मला त्याच्या टेबलावर डोकं आपटावंसं वाटलं.

दोन दिवसांनी तुकडी छावणीतला रस्ता ओलांडत होती. मी फाटकापाशी होते. सामानाचा ट्रक वळणावरून आला. आणि रस्त्याच्या मधोमध...

सगळे थांबले.

हॉर्न वाजला. मी किंचाळले. एकही मान वळली नाही. ट्रकचा ब्रेक लागला, पण सगळ्यात मागे असलेला मामा ट्रकच्या वाटेत होता. त्याच्या मांडीला धडक बसली. तो पडला तोही तसाच. एक पाय उचललेला, नजर समोर.

"हॉर्न दिला हो मी, हॉर्न!" ड्रायव्हर रडत होता. "हलेनातच!"

मामाचं हाड मोडलं. मी डॉक्टरांच्या मागे लागून लागून त्याला तुकडीतून कायमचा मोकळा करून घेतला. बाकीचे ठरल्याप्रमाणे सीमेवर गेले. त्यांची खबर विचारली की कार्यालयातून एकच उत्तर येतं. चौकशी करू.

मामा आमच्याकडे राहायला आला. हाड जुळलं. तो चालू लागला, आईशी भांडू लागला, पोळी जाड झाली म्हणू लागला. एकदाही थिजला नाही. पण मला नुसतं 'वाटतंय' चालत नाही. मोजायचं होतं.

दोन फोन घेतले. हालचाल नोंदवणारं ॲप चालू केलं, दोन्ही एकत्र टेबलावर आपटून वेळ जुळवली. एक त्याच्या घोट्याला बांधला, एक माझ्या.

"गुरं बांधतात तसं काय बांधतेस गं?"

"गप चाल."

संध्याकाळची वेळ. घरासमोरचा सरळ रस्ता. मी पुढे, मामा मागे. त्याची काठी, त्याची चप्पल, माझी चप्पल. कोपऱ्यावर मुलं खेळत होती. मग...

माझा पाय हवेत होता.

मागे काठी वाजत नव्हती. मुलांचा आवाजही नव्हता. एक सायकलवाला शिव्या देत असावा. त्याचे ओठ हलताना दिसले.

मग पाय आपोआप खाली आला. आम्ही घरी आलो.

"पुन्हा थांबलास ना?" मला रडू येत होतं. "एवढं सगळं करून पुन्हा थांबलास!"

"मी? अगं, तू थांबलीस म्हणून मी थांबलो!"

"मी कशाला थांबेन? मला कुठे शिकवलंय त्याने? तुझी काठी थांबली म्हणून मी थांबले."

"पोरी, खोटं कशाला बोलू? मला काहीच झालं नाही. तू पुढे अचानक उभी राहिलीस."

वाद घालण्यात अर्थ नव्हता. दुसऱ्याला थांबलेलं बघून किंवा ऐकून आपण थांबतो, तेव्हा मधे सेकंदाचा साधारण पाचवा भाग जातो. त्यामुळे कोण कोणामुळे थांबलं, ते फोन सांगणार होते. मी दोन्ही आलेख एकाखाली एक लावले.

आधी थांबलेला पाय, माझा.

मामाचा पाय त्यानंतर, ०.२१ सेकंदांनी.