वॉशरच्या टाकीतलं पाणी

"मॅडम, ती आत्ता पुन्हा आली. तुम्ही येता का?"

फोनवर धाकटी होती. आवाज रडका नव्हता, आणि तेच फौजदारबाईंना खटकलं. रडणाऱ्या माणसाला पाणी देता येतं. जो शांतपणे भूत बघतो त्याला काय द्यायचं?

धाकटीची थोरली बहीण गेल्या उन्हाळ्यात नाहीशी झाली होती. तिची गाडी स्टेशनच्या पार्किंगमध्ये सापडली. काचा बंद, गाडी बाहेरून धुऊन लख्ख, किल्ली चाकावर. नवऱ्याने सांगितलं, तिचं बाहेर कुणीतरी होतं, गेली. आधीच्या साहेबांनी तेच कागदावर उतरवलं आणि हात झटकले. बाई नाहीशी झाली की आपल्याकडे आधी तिचं चारित्र्य शोधतात. ते सापडलं नाही तर बनवतात. बाईला शोधायचं मग राहूनच जातं.

गाडी आईच्या नावावर होती, म्हणून ती माहेरी आली. आता धाकटी चालवायची.

फौजदारबाई पोचल्या तेव्हा धाकटी दारासमोर गाडीतच बसून होती.

"बसा मॅडम. काचा वर घ्या."

तिने वॉशरचा दांडा ओढला. समोरच्या काचेवर दोन बारीक धारा उडाल्या, वायपर फिरले. आणि वास आला. हवेच्या झडपांतून आला, हळूच, कुणी मागच्या सीटवर येऊन बसावं तसा. कुजलेलं पाणी, शेवाळ, आणि खाली काहीतरी गोडसर. फौजदारबाईंनी नाकाला पदर लावला नाही. पण मागे वळून मात्र बघितलं. मागची सीट रिकामी होती.

"काच धुतली की येते. एरवी नाही. आई म्हणते, तिला काहीतरी सांगायचंय."

"आई बसते गाडीत?"

"नाही. लांबून शिव्या घालते. घराण्याला काळं फासून गेलीस, आता छळायला का येतेस म्हणून."

"कुणाला दाखवलीस गाडी?"

"सगळ्यांना. कुणी म्हणे एसीत उंदीर मेलाय, कुणी म्हणे मॅटखाली पाणी मुरलंय. भावजी तर दोनदा येऊन गेले. व्हिनेगर घेऊन. म्हणाले, टाकी धुऊन देतो, वास जाईल."

"मग धुऊ का नाही दिलीस?"

धाकटीने स्टिअरिंगवर हात ठेवले. "वास गेला तर तीही जाईल, मॅडम. तेवढंच राहिलंय तिचं."

फौजदारबाईंनी काच खाली घेतली. खाली उतरून त्यांनी डिकी उघडली. कोपऱ्यात काच धुवायच्या निळ्या पाण्याची बाटली होती, अर्धी भरलेली.

"ही तुझी?"

"तिची. ती नळाचं पाणीसुद्धा घालायची नाही टाकीत. क्षार बसून नळी तुंबते म्हणायची. घरात आम्ही हसायचो, गाडी तेवढी मिनरल वॉटर पिते."

"तू काय घातलंस?"

"मी अजून काहीच घातलं नाही. वास येतो म्हणून काच धुतेच किती मी?"

फौजदारबाईंनी गाडी गॅरेजवर नेली. धाकटी सोबत आली, हट्टाने. मिस्त्रीने बॉनेट उघडलं, नळी सोडवली आणि टाकीतलं पाणी पांढऱ्या घमेल्यात सोडलं.

"अरारा," तो म्हणाला. "हे पाणी आहे की डबकं?"

पाणी हिरवं होतं. निळ्याचा मागमूस नव्हता. तळाशी पांढरा गाळ, पिठासारखा. टाकीच्या तोंडावरच्या जाळीत मोहरीएवढे शंख अडकले होते.

"मिस्त्री, नळाच्या पाण्याला असं होतं?"

"बुळबुळीत होतं, वासही मारतं. साचलेलं पाणी गरम बॉनेटखाली शिजतं, दुसरं काय. पण शंख नळातून येत नाहीत मॅडम. हे कुणीतरी बाहेरून भरलंय."

पाणी, गाळ आणि शंख बरणीत भरून, सील करून झाले. मग मिस्त्रीने टाकी धुतली. कोमट पाणी, व्हिनेगर, पुन्हा पाणी. नळ्या बदलल्या, धारेची भोकं सुईने साफ केली. धाकटी भिंतीला टेकून बघत राहिली. अंत्यविधी बघावा तसं.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याला चौकीत बोलावलं. त्याचं ड्रायव्हिंग स्कूल होतं, सगळा गाव त्याला मास्तर म्हणायचा. इस्त्रीचा शर्ट, शांत चेहरा. सहानुभूती खाऊन खाऊन थोडा सुटलाही होता.

"मास्तर, तुमचे विद्यार्थी म्हणतात तुम्ही फार कडक."

"गाडी म्हणजे खेळ नाही, मॅडम. किल्ली फिरवायच्या आधी बॉनेट उघडायचं. वॉशरची टाकी बघायची. कमी असेल तर भरायची. काच आंधळी तर ड्रायव्हर आंधळा. माझ्या हाताखालून गेलेला माणूस रिकाम्या टाकीने गाडी काढत नाही."

"आणि तुम्ही?"

"मी तर झोपेतही नाही काढणार."

"चढावर गाडी उचलायला कुठे शिकवता?"

"जुन्या खाणीच्या रस्त्यावर. तिकडे कुत्रंही नसतं."

"धूळ?"

"फार. पांढरी. पुढचं दिसत नाही."

"बायको गेली त्या दिवशी तिची गाडी तुम्ही चालवली होती?"

"हातही लावला नाही. दुपारभर घरात झोपलो होतो. उठलो तर ना ती, ना गाडी."

"ती गेली होती का कधी खाणीकडे?"

"ती कशाला जाईल? तिला धुळीची ॲलर्जी."

फौजदारबाईंनी बरणी टेबलावर ठेवली. धाकटी कोपऱ्यातल्या बाकावर बसली होती. तिने आधी बरणीकडे बघितलं, मग भावजींकडे.

"हे तिच्या गाडीच्या टाकीतलं. तुमच्या विद्यार्थ्यांनी कालच खाणीचा रस्ता सांगितला, आज सकाळी मी तिथे जाऊन आले. तिथल्या डोहाच्या काठाला असेच शंख आहेत, असाच पांढरा गाळ. पक्कं प्रयोगशाळा सांगेल. मला तुमच्याकडून वेगळंच हवंय."

"गाडी चोरून कुणी नेली असेल तिकडे."

"चोर टाकी भरतो? भरेलही. पण डिकीत निळ्या पाण्याची बाटली होती, मास्तर. थोरली असती तर तिने डिकी उघडून तीच ओतली असती. बाटली तुम्हालाही माहीत होती, नवरा तुम्ही तिचे. मग डोहात वाकून पाणी का भरलंत?"

मास्तरने शर्टाची बाही सारखी केली.

"मी सांगते. डिकी तुम्ही एकदा उघडली होती, तिला बाहेर काढायला. ती बंद केल्यावर पुन्हा उघडायची तुमची हिंमत झाली नाही. परत निघालात. काच धुळीने आंधळी, येताना धुऊन धुऊन टाकी कोरडी. आणि तुमचा हात सवयीने बॉनेटकडे गेला. काठावर पडलेल्या कुठल्याशा बाटलीने तुम्ही टाकी भरलीत. मग गाडी बाहेरून चकचकीत धुतलीत आणि स्टेशनवर लावलीत. आतलं पाणी आतच राहिलं."

"ही कल्पना आहे तुमची."

"वासाबद्दल दहा जणांनी दहा तर्क केले. टाकी फक्त तुम्हाला सुचली."

"मी गाडीतला माणूस आहे. मला कळणारच."

"कबूल. म्हणून त्यावर मी विसंबले नाही. सकाळी पाणबुड्यांना सोबतच नेलं होतं. डोहाच्या तळाशी तुमच्या स्कूलची गाडी ओढायची साखळी सापडली. ती तिच्या अंगाभोवती होती."

धाकटी उठली नाही. ओठ मात्र दाताखाली गेला.

मास्तरने स्वतःच्या हातांकडे बघितलं. मग म्हणाला, "बॅग भरून निघाली होती. माहेरी. म्हणे, आईला सगळं सांगते. मी ढकललं फक्त. पायरीवर डोकं आपटलं तिचं."

"आणि मग साखळी आपोआप गुंडाळली गेली," फौजदारबाई म्हणाल्या. "बाहेर तिचं कुणी होतं, हे कुठून आलं?"

"लोक विचारत होते. काहीतरी सांगावं लागतं."

"भावजी," धाकटी पहिल्यांदाच बोलली, "काहीतरी सांगावं लागतं म्हणून?"

हवालदार त्याला घेऊन गेला.

आईला सांगायला फौजदारबाई स्वतः गेल्या. आईने उभ्यानेच ऐकलं. चौकट धरली, पण बसली नाही.

"बॅग भरली होती?" तिने विचारलं.

"हो."

"इकडे यायला?"

"इकडेच."

आई पायात चपला न घालता बाहेर पडली. धाकटी मागे धावली, फौजदारबाईंनी तिला हाताने थांबवलं. समोरच्या घराचं दार आईने मुठीने बडवलं. आतून बाई आली, ओले हात पुसत. वर्षभर याच बाईने गल्लीला थोरलीच्या गोष्टी सांगितल्या होत्या, मीठमसाला लावून. आणि आईने खाली मान घालून ऐकल्या होत्या.

"माझी मुलगी पळून गेली नव्हती," आई म्हणाली. "माझ्याकडे येत होती."

बाई काहीतरी बोलणार होती. आई थांबली नाही. ती पुढच्या दाराकडे गेली, आणि तेही बडवलं.