गफूरभाऊंचा नंबर

वर्षानुवर्षं मासे मोजणाऱ्या माणसाला नदीची भीती वाटत नाही, फार तर कंटाळा येतो. शहिस्ता त्या दुपारी बेडसे गावापलीकडच्या रानातल्या डोहावर निघाली ती अशीच निवांत, फडक्यात भाकरी बांधून. काम ठरलेलं. दर हिवाळ्यात जाळं लावायचं, सापडलेल्या खडस माशाच्या पाठीत तांदळाएवढी चिप सुईनं घालायची आणि त्याला सोडून द्यायचं. पुढच्या साली तोच मासा हाती आला की तिचं यंत्र टिवटिवतं आणि त्याचा नंबर दाखवतं. तेही वीतभर अंतरातच; त्याहून लांबचं त्याला काही कळत नाही.

जाळं ओढायला आजवर गफूरभाऊ असायचे. एकदा मासा उसळला आणि सुई त्यांच्याच अंगठ्यात घुसली. चिप आत राहिली. नंबराच्या शेवटी ७८६ निघाले तसे ते खो खो हसले. "खुदानं नंबरबी बघून दिलाय ताई! आता आमी तुमचं मासंच." ती काढायचं आज-उद्या करत राहूनच गेलं.

गेल्या पावसाळ्यात पुरानं त्यांना नेलं. देह सापडला नाही. त्यांची बायको रोशनबी ना विधवेच्या इद्दतीला बसली, ना तिनं बांगड्या उतरवल्या. नदीवरून आलेल्या नवऱ्याचे पाय धुवायला ती रोज सांजेला उंबऱ्याशी घमेल्यात ऊन पाणी ठेवी. गाव तिला वेडी म्हणू लागलं होतं.

डोहात आज एकच मासा लागला, चांगला हातभर खडस. तिनं यंत्र फिरवलं. नंबर उमटला. शेवटी ७८६.

तिनं यंत्र पुन्हा एकदा फिरवून बघितलं. मग हळूहळू डोकं चालू लागलं. माशानं चिप गिळली असणार... आणि चिप ज्यात होती, तेही. तिला भडभडून आलं. मासा चिरायला काही तिचा हात धजावेना. तिनं त्याला पाण्यात सोडून दिलं. तो तळाशी गेलेला तिनं स्वतः पाहिला. पण आता शंका उरली नव्हती. रोशनबीला सांगायलाच हवं होतं. कुणीतरी त्या बाईची वाट बघण्यातून सुटका करायला हवी होती.

दिवेलागणीला ती रोशनबीच्या दारात पोचली. गडबडीत यंत्र बंद करायचं राहिलं होतं. तिनं झोळी उंबऱ्यावर, घमेल्याशेजारी ठेवली.

"भाभी, आज डोहावर... गफूरभाऊ आता..."

झोळीतलं यंत्र टिवटिवलं.

शहिस्तानं ते बाहेर काढलं. तोच नंबर. ओल्या शेवाळाचा वास आला, अगदी जवळून.

रोशनबीनं ओठांवर बोट ठेवलं. वेडी तर ती मुळीच दिसत नव्हती.

"हळू बोला ताई... त्यास्नी अजून ठावं न्हाई."

घमेल्यातलं पाणी सावकाश काठापर्यंत चढलं आणि उंबऱ्यावर सांडलं.