धागा बांधलेला डायनॅमो

यात मी पदरचं काही घातलेलं नाही. ज्यानं हे डोळ्यांनी पाहिलं, तो गिरिधर आजही ही हकिकत सांगताना आधी भिंतीकडे पाठ करून बसतो. मग जेवढं मोजलं, तेवढंच सांगतो.

१९७४ सालचा दसरा. नागपूरची पारडी. दिवेलागणीची वेळ.

सायकलला चाकं दोन. पुढच्या चाकापाशी डायनॅमो एक. हँडलवर दिवा एक. कॅरिअरवर तुळजाबाई. त्यांचा दम्याचा श्वास मिनिटाला छत्तीस. नुकताच बी.एस्सी. झालेला त्यांचा नातू गिरिधर, त्यानंच तो घड्याळ लावून मोजला होता.

सणामुळे एकही रिक्षा मिळेना. शेवटी गिरिधरच्या मामानं, श्रावणनं, आईला सायकलवर घेतलं आणि रामदासपेठेतल्या दवाखान्याचा रस्ता धरला.

"माय, माही कंबर घट्ट धर वं."

"हो... चाल तू..."

पुढे रस्त्यावर पिवळा उजेड. पाठीशी श्वासाची शीळ. सूं... सूं...

लकडगंजात लाकडाच्या वखारी लागल्या.

आणि आईचा हात कमरेवरून सुटला.

शीळ थांबली. 'डोळा लागला असेल,' श्रावणला वाटलं. त्यानं मान खाली घालून जोर लावला.

चौकात शिट्टी वाजली.

"दिवा काहून नाही गा?" हवालदारानं हँडल धरलं.

"चालू होता, साहेब. डायनॅमोचा आहे. थांबलो म्हणून विझला."

"मले शिकवून राहिला? उतरव आजीले. चाक फिरवून दाखव."

श्रावण हट्टाला पेटला. दिवा होता म्हणजे होता. बराच वेळ हुज्जत चालली. नाव-पत्ता लिहून झाला. मग तो मागे वळला...

तुळजाबाई त्याच्या पाठीला टेकलेल्या होत्या. डोळे उघडे होते.

श्वास नव्हता.

चालान झालंच. तेरवीपर्यंत गल्लीत एकच बोलणं. दिवा लावला असता तर पोलिसानं थांबवलंच नसतं. म्हातारी वाचली असती.

"अवो, कबूल करून मोकळे व्हा ना," श्रावणची बायको मैनाबाई म्हणाली. "किती दिवस असे उपाशी राहान?"

"कबूल केलं तं माय म्याच मारली असं होते, मैना."

तो कोर्टात लढणार होता. त्याला सुटका नको होती. दिवा चालू होता, एवढं कोणीतरी म्हणायला हवं होतं.

तारखेच्या आदल्या दिवशी गिरिधर सायकल तपासायला बसला. डायनॅमोवर वाळलेलं कुंकू होतं. आणि...

डायनॅमो टायरपासून दोन बोटं दूर होता. लाल धाग्यानं करकचून बांधलेला.

कोष्ट्यांचं, विणकरांचं घर ते. दसऱ्याला माग पुजायचा, आणि पुजलेल्या वस्तूला त्या दिवशी राबवायचं नाही. माग कधीच विकला गेला होता, पण तुळजाबाईंनी रीत सोडली नव्हती. सकाळी त्यांनी सायकल पुजली होती. "आज इलेही सुट्टी," म्हणत डायनॅमो बांधून टाकला होता. संध्याकाळच्या घाईत ते कोणाच्याच ध्यानात राहिलं नाही.

"मामा, हा टायरला टेकतच नव्हता. दिवा लागूच शकत नाही."

"लागला होता. त्याच उजेडात सायकल हाणली म्या."

"मग डायनॅमोची घरघर ऐकू आली?"

श्रावणनं डायनॅमोकडे पाहिलं.

"...नाही गा. मायचा श्वासच येत होता ऐकू. अन् उजेड... त्याच्यासंगं कमी-जास्त होऊन राहिला होता."

मैनाबाई हळूच म्हणाली, "तोडून टाका तो धागा. कोण पाहून राहिलं?"

"मायनं बांधला तो."

धागा तसाच राहिला.

कोर्टात हवालदार उभा राहिला. श्रावणनं कठडा दोन्ही हातांनी धरला होता.

"दुरून येताना सायकलचा दिवा दिसत होता?" न्यायाधीशांनी विचारलं.

"हो जी. मिणमिण करत होता, पण होता. चौकाच्या अलीकडे विझला. शिट्टी म्या त्याच्यानंतर मारली."

"अलीकडे म्हणजे कुठं?" श्रावण मध्येच ओरडला. "साहेब, पाया पडतो तुमच्या, नक्की कुठं?"

"वखारीपाशी. पहिल्याच."

श्रावणनं कठडा सोडला.

"तिथंच हात सुटला होता," तो पुटपुटला. "शिट्टीच्या आधी... आधीच गेली माय."

दिवा वाटेत अचानक बिघडला, असं धरून त्याला सोडून दिलं.

त्या संध्याकाळी सायकल ओसरीत स्टँडवर उभी होती. धागा बांधलेला. चाक स्थिर. मैनाबाईचा हात कंदिलाकडे गेला, तेवढ्यात...

सायकलसमोरच्या भिंतीवर पिवळा उजेड पडला.

वाढला.

मंदावला.

पुन्हा वाढला.

"माय?" श्रावण म्हणाला.

ओसरीत कसलाच आवाज नव्हता. गिरिधरला दुसरं काही सुचेना, म्हणून त्यानं मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरलं आणि मोजायला सुरुवात केली.

मिनिटाला छत्तीस.