हुजूरचा चेंडू

धामणगडाच्या बुरुजावर पहाटेचा नगारा झडला, तेव्हा खालच्या पेठेत प्लेगने रिकामी केलेल्या घरांतून अजून धुरी निघत होती. १९२९ साल ते. संस्थानच्या गॅझेटात त्या वर्षी युवराजांचे गोल पहिल्या पानावर येत आणि प्लेगचे मृत्यू शेवटच्या. गोल करणे अवघड नव्हते. युवराजांच्या पायाला लागलेला चेंडू ‘हुजूरचा’ मानला जाई. तो अडवायचा नाही, मुजरा करून बाजूला व्हायचे, असा रिवाजच पडला होता.

पेठ तालमीच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर बाबालाल नदाफ मात्र हा रिवाज पाळत नसे. त्याचा धाकटा भाऊ गुलाब, पेठेत लस द्या म्हणून सभा भरवल्याबद्दल, संस्थानच्या तुरुंगात होता. युवराजांच्या संघाशी होणाऱ्या अंतिम सामन्याच्या सकाळी दिवाण गंगाधरपंत खासनीसांनी बाबालालला देवडीवर बोलावले.

“आज खुद्द रेसिडेंटसाहेब येताहेत. युवराजांच्या चेंडूला हात जरा उशिरा उचल. संध्याकाळी गुलाब घरी जेवेल.”

“आणि लस, दिवाणसाहेब?”

“फुटबॉलचं बोलतोय आपण.”

बाबालालने मुजरा केला. भाऊ घरी यायला हवा होता. तो कबूल होऊन मैदानात उतरला.

उत्तरार्धात युवराज चेंडू घेऊन निघाले. ज्यांच्या घरची माणसे त्याच महिन्यात प्लेगने गेली होती, ते बाबालालच्याच तालमीचे गडी वाटेत एकेक करून कमरेत वाकले, आणि एकाने तर हसून वाट दाखवली. बाबालालला शिसारी आली. त्याने झेप घेतली आणि चेंडू पोटाशी धरला.

“सोड, बाबू! तालीम बुडवशील!” मागून वस्ताद ओरडले.

युवराजांनी हात पुढे केला. “आमचा चेंडू.”

“खेळून घ्या, सरकार.”

पंच म्हणजे युवराजांचेच खासगी चिटणीस. त्यांनी शिट्टी फुंकून गोल दिला. रेसिडेंटसाहेबांनी टाळ्या वाजवल्या, मग पेठेनेही. ढाल युवराजांना मिळाली. वस्तादांनी त्यांना हार घातला आणि दिवे लागायच्या आत बाबालालचे नाव तालमीतून काढून टाकले. गुलाब सुटला नाही.

पुढच्या भेटीला गजांपलीकडून गुलाबने विचारले, “गोल झाला म्हणे?”

“झाला.”

“तू कुठं होतास?”

“चेंडू पोटाशी धरून उभा होतो.” बाबालालने मान खाली घातली. “सोडला असता तर आज तू घरी असतास.”

गुलाब इतक्या मोठ्याने हसला की पहारेकरी दंडुका आपटत आला.

“वाकून मला सोडवलं असतंस, तर घरी तुझं तोंड बघवलं नसतं मला,” तो म्हणाला. “जा. अम्मीला सांग, खुशाल आहे.”