डावं पातं

शहरातल्या निम्म्या उंच इमारतींच्या लिफ्ट तिच्या हाताखालून गेल्या होत्या, पण चांगली चाललेली लिफ्ट कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. ही गाडी मात्र डोळ्यांत भरणार होती. सुटे भाग मागवून तिने ती घरच्या गॅरेजमध्ये जोडली होती: दोन सीटांची, बुटकी, मोटरसायकलचं इंजिन बसवलेली. आता गिअरचा दांडा काढून स्टिअरिंगच्या मागे दोन पाती लावायची होती. उजवं ओढलं की वरचा गिअर, डावं ओढलं की खालचा.

"बाजारात तयार मिळतात ना?" सासऱ्यांनी विचारलं. त्यांनी जन्मभर बस चालवलेली. दांड्याविना गाडी त्यांना मुठीविना छत्रीसारखी वाटे.

"मिळतात, बाबा. पण मग ती माझी कशी?"

"बरं बाई. हौसेला मोल नाही."

तिने पुठ्ठ्यावर आकार काढला, ॲल्युमिनियमच्या एकाच पत्र्यातून दोन्ही पाती कापली, आणि उजवं कानशीने घासून गुळगुळीत केलं. डावं राहिलं. त्याच्या कडेवर करवतीचे दात तसेच उमटलेले होते. कानस पुसून तिने भिंतीवर टांगली, डावं पातं व्हाइसच्या जबड्यात आवळलं, गॅरेजला कुलूप घातलं आणि जेवायला गेली.

सकाळी डावं पातं घासलेलं होतं.

कड इतकी एकसारखी वळली होती की बोट कुठे चढलं आणि कुठे उतरलं ते कळत नव्हतं. खाली फरशीवर कीस नव्हता. कानस स्वच्छ होती.

"बाबा, काल गॅरेजमध्ये तुम्ही काही..."

"मी?" त्यांनी हातातला कप पुढे धरला. चहा बशीत सांडत होता. "मला शर्टाचं बटण लागत नाही, अगं."

नवरा बोटीवर होता, कुठल्या तरी लांबच्या समुद्रात. घरात तिसरं माणूस नव्हतं. तिने कुलूप पाहिलं, खिडकीची जाळी पाहिली, मग पात्यांकडे वळली. आणि भीती वाटायच्या आधी तिला राग आला. डाव्याशेजारी तिचं उजवं पातं शिकाऊ माणसाच्या हातचं दिसत होतं.

"असं होय," ती म्हणाली, आणि कानस उचलली.

सगळा रविवार ती उजव्याला भिडली होती. कानस, मग पॉलिश पेपर, मग नुसतं तेल आणि फडकं. सासरे जेवायला बोलवायला आले आणि दारातच थबकले.

"आता ओळखू येत नाही कुठलं कुठलं," ते म्हणाले.

तिने डोळे मिटून दोन्हींवरून अंगठा फिरवला. तोडीस तोड! एवढं सुबक काम आजवर तिच्या हातून झालं नव्हतं. ऊर भरून आला.

दुसऱ्या दिवशी डाव्याच्या मागच्या बाजूला बोटं टेकण्यापुरता खळगा पडलेला होता. तिने बोटं ठेवली. मधल्या बोटाचं जाड पेर धरून सगळी बरोबर बसली. माप तिने कुणाला दिलं नव्हतं.

तिने पातं खाली ठेवलं. मग तसाच खळगा उजव्यालाही कोरला.

बिजागऱ्या, स्प्रिंगा, गिअरपर्यंत जाणाऱ्या तारा, सगळं जागच्या जागी बसलं. गाडी रस्त्यावर आणायची परवानगी देणारा तपासनीस स्वतः एक फेरी मारून आला. उतरला तरी त्याचा हात स्टिअरिंगवरून निघत नव्हता.

"लोण्यातून सुरी जावी तसा गिअर पडतो हो. कुठल्या कारखान्यातून करून घेतलंत?"

"आमच्या सूनबाईंनी केलंय!" सासरे मोठ्याने म्हणाले.

तपासनीसाने डाव्या पात्यावर टिचकी मारली. "दोन्ही तुम्हीच?"

सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"दोन्ही," ती म्हणाली. "मीच."

परवानगी मिळाली. त्या दिवशी तिने सासऱ्यांना नदीच्या पुलापर्यंत फिरवून आणलं, आणि ते परतीच्या वाटेवर प्रत्येक सिग्नलला शेजारच्या गाडीवाल्याला हात करून 'सूनबाईंनी केलीय' म्हणून सांगत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गॅरेजमध्ये गेली, सीटवर बसली, पात्यांना बोटं लावली. डावी बोटं घसरली.

पुन्हा लावली. पुन्हा घसरली.

पात्याला तेल लागलं असेल म्हणून तिने शेजारच्या सीटवरच्या हत्यारांतून फडकं घेतलं. पातं कोरडं होतं.

तिने डावा हात उलटा केला.

नखांच्या कडा एकसारख्या वळल्या होत्या. तळव्यावरचे घट्टे गेले होते. बोटांच्या टोकांवर एकही रेघ उरली नव्हती. दुखत नव्हतं. हात सुंदर दिसत होता.

उजवा तसाच होता, राठ, चरे पडलेला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. डाव्या हाताने कानस केव्हा उचलली, ते तिच्या लक्षात आलं नाही.