घुबडाच्या खुर्चीत

धाकट्या भावाला सहाव्या वर्षी चष्मा लागला, त्या दिवसापासून ताई त्याला घुबड म्हणायला लागली. पुढे तिनं चष्म्याचं दुकान टाकलं, त्याचा नंबर उणे अकरावर गेला, तो तेहेतीस वर्षांचा झाला, एका विमा कंपनीत चांगल्या हुद्द्यावर चढला, तरी घुबड ते घुबडच राहिलं. त्याचा डावा कान उजव्यापेक्षा किंचित वर होता. त्यामुळे कुठलीही नवी फ्रेम त्याच्या नाकावर तिरकी बसायची आणि दर वेळी ताई डावी दांडी बोटानं जराशी वाकवून द्यायची. हे काम तिनं कधी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही.

तीन आठवड्यांपूर्वी त्याचा चष्मा कुरिअरनं आला होता. सोबत चिठ्ठी होती, 'ताई, यावर बसलो. घाई नाही.' त्याच्याकडे जुना चष्मा असेल असं ताईनं धरलं आणि दुकानाच्या रगाड्यात ते काम मागे पडलं. शेवटी एकदाचा चष्मा दुरुस्त करून ती डबीत ठेवत होती, तेव्हा तिला आठवलं की जुना चष्मा त्यानं गेल्याच वर्षी तिच्या दुकानात, गरजूंना वाटायच्या पेटीत टाकला होता. म्हणजे तीन आठवडे घुबड चष्म्याशिवाय होतं. चष्म्याशिवाय त्याला स्वतःच्या हाताची बोटं दिसत नसत. मग घरून काम करणारा हा दिवसभर संगणकापुढे बसून करत काय होता?

फोन तो बरेच दिवस उचलत नव्हता. मेसेजला मात्र उत्तर लगेच यायचं, 'सगळं मस्त, ताई.' अडीअडचणीला असावा म्हणून त्यानं आपल्या वरिष्ठ बाईंचा नंबर तिला कधीतरी दिला होता. ताईनं भीड सोडून तो फिरवला. बाई भरभरून बोलल्या. म्हणाल्या, तुमचा भाऊ हल्ली कमाल करतोय, रोज नऊच्या ठोक्याला हजर, कॅमेरा चालू, सगळ्यांना हसवतो, कशालाही नाही म्हणत नाही. ताईनं जरा चाचरत विचारलं, चष्मा असतो का त्याच्या डोळ्यांवर? बाई हसल्या आणि म्हणाल्या, चष्म्याशिवाय कधी बघितलंच नाही हो त्याला.

दुरुस्त केलेला चष्मा ताईच्या हातात होता. तिनं दुकानाचं शटर ओढलं आणि निघाली.

नवव्या मजल्यावर बेल वाजवून ती बराच वेळ उभी राहिली. दार उघडलं ते घुबडानंच, पण भिंत चाचपडत. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली, अंगात कधीचा तरी टी-शर्ट. बाहेर लख्ख ऊन होतं आणि घरात पडदे ओढून संध्याकाळ करून ठेवलेली. बंद खोलीचा, न धुतलेल्या उशीचा वास तिच्या नाकात गेला. तिला रडूच फुटणार होतं, पण रडली असती तर ती ताई कसली. 'आंघोळ नावाची एक गोष्ट असते, घुबडा,' असं म्हणत तिनं त्याला जवळ घेतलं. तो हसला नाही. पण तिच्या खांद्यावर डोकं ठेवून तसाच उभा राहिला, आणि त्याचं सगळं वजन तिच्यावर आलं.

मग तो पुन्हा पलंगावर जाऊन आडवा झाला. ताई उशाशी बसली आणि तुकड्यातुकड्यानं तिनं त्याच्याकडून सगळं काढून घेतलं. दोन महिने झाले होते. आधी झोप गेली, मग भूक गेली, मग कशातच राम वाटेना. काम वाढतच होतं, एक संपलं की दोन पुढ्यात. जमत नाही म्हणायची त्याला लाज वाटत होती, कारण बाकी सगळ्यांना जमत होतं. चष्मा मोडला त्या सकाळी तर त्याला उठताच आलं नाही. नऊ वाजले. पलीकडच्या खोलीत संगणकावर मीटिंगची घंटी वाजली. आता आपलं काही खरं नाही, असं वाटून त्यानं डोक्यावर पांघरूण घेतलं.

'आणि मग?'

'मग मला माझाच आवाज ऐकू आला, ताई,' तो छताकडे बघत म्हणाला. 'त्या खोलीतून... शुभ सकाळ मंडळी, म्हणाला. सगळे हसले.'

ताईच्या अंगावर काटा आला. पण ताप असेल, भास असेल, उपाशीपोटी माणसाला काहीही होतं, अशी तिनं मनाची समजूत घातली.

तो सांगतच राहिला. पहिले काही दिवस त्याला सुटल्यासारखं वाटलं होतं. तो दुसरा येतो, काम करतो, दमत नाही. आधी नुसता खुर्चीत असायचा. मग स्वयंपाकघरात कप वाजायला लागले. मेसेजना उत्तरं तोच द्यायचा. परवा त्यानं आईला फोन केला आणि आई खूप दिवसांनी खळखळून हसली. इथं घुबडाचा आवाज अगदी बारीक झाला.

'काल दारात येऊन उभा होता. म्हणाला, तू पडून राहा... मी बघतो सगळं. ताई, सगळ्यांना तोच आवडतो गं. मग मी कशाला राहू?'

ताईनं त्याचा हात घट्ट धरला. हात गार होता, आणि इतका हलका लागत होता की तिला भीती वाटली.

तेवढ्यात पलीकडे घंटी वाजली. दीडची मीटिंग. आणि बंद दाराआडून आवाज आला, घुबडाचाच, पण पोट भरलेल्या, झोप झालेल्या माणसाचा. कुणाला तरी तो चिडवत होता. घुबड तर तिच्या डोळ्यांसमोर पडलं होतं, ओठ मिटून.

ताई उठली. तिनं ते दार लोटलं.

खोलीत कुणी नव्हतं. खुर्ची रिकामी होती. संगणकाच्या पडद्यावर मात्र मीटिंगचे आठ चौकोन होते आणि त्यातल्या एकात तिचा भाऊ बसला होता, दाढी केलेला, हसरा. त्याच्या मागे हीच भिंत होती, हेच कपाट होतं. डोळ्यांवर तोच चष्मा, जो तिच्या पिशवीत होता. खरं सांगायचं तर क्षणभर तिला बरं वाटलं. इतक्या आनंदात तिनं त्याला वर्षभरात पाहिलं नव्हतं. या गोष्टीची तिला पुढे फार दिवस लाज वाटली. मग सवयीनं तिची नजर चष्म्यावर गेली. फ्रेम सरळ होती. डावी दांडी न वाकवता सरळ. दोन्ही कान एका रेषेत.

पडद्यावरच्या त्यानं बोलणं थांबवलं आणि तिच्याकडे पाहिलं.

'आलीस, ताई?' तो मायेनं म्हणाला. 'त्याला झोपू दे... दमलाय तो.'

बाकीचे सात जण काही झालंच नाही असे ऐकत राहिले.

ताई उलट्या पावली बाहेर आली. डबीतून चष्मा काढला, भावाच्या डोळ्यांवर चढवला आणि बोटानं डावी दांडी वाकवली. घुबडानं डोळे मिचकावले. तीन आठवड्यांनी त्याला कुणाचा तरी चेहरा धड दिसत होता. 'ऊठ,' ती म्हणाली, 'फक्त त्या खुर्चीपर्यंत. पुढचं मी बघते, असं मी म्हणणार नाही. पुढचं आपण दोघं बघू.' दहा पावलांचं अंतर होतं. त्याला दोनदा भिंतीला टेकावं लागलं.

तो खुर्चीत बसला. पडद्यावर तो दुसरा अजून बोलतच होता, जरा जोरात, जरा घाईनं. घुबडानं ताईचा हात पकडून ठेवला.

'मला बरं नाहीये,' तो म्हणाला.

चौकोन थरथरला, आणि मग तिथं दाढी वाढलेला, मळका टी-शर्ट घातलेला माणूस दिसू लागला.  तो अडखळत म्हणाला, मला दोन महिने झोप नाही, आता तर उठवतही नाहीये, मला डॉक्टरकडे जायचंय, सुट्टी हवी. वरिष्ठ बाई म्हणाल्या, अरे, जा तू, आत्ता जा. आणि कोपऱ्यातल्या चौकोनातल्या एका टकल्या गृहस्थांनी हळूच विचारलं, डॉक्टरांचा नंबर मलाही देशील का?

त्याच दुपारी ताई त्याला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी न बिचकता हे नैराश्य आहे असं सांगितलं, औषधं दिली, दर आठवड्याला यायला सांगितलं. घुबड ताईच्या घरी राहायला आलं. सुधारणा मुंगीच्या पावलानं होत होती. एका आठवड्यात आंघोळ, पुढच्या आठवड्यात अंडं उकडणं, मग एकट्यानं खालच्या रस्त्यापर्यंत. ताई दुकान, दवाखाना, आईची समजूत, सगळं रेटत होती. कसं काय चाललंय असं कुणी विचारलं की मस्त म्हणायची.

सातव्या आठवड्यात एका सकाळी तिला जागच आली नाही. दमली असेल म्हणून घुबडानंही उठवलं नाही. जाग आली तेव्हा साडेबारा वाजले होते. गिऱ्हाइकं ताटकळून शिव्या देत परत गेली असणार, म्हणून ती धावतपळत दुकानाशी पोचली.

शटर वर होतं. आत दिवे लागले होते. काचेपलीकडून तिचाच आवाज येत होता, उत्साही, गोड, 'मान सरळ ठेवा हं, काका...'

किल्ल्या तिच्या मुठीत होत्या. तिनं फोन काढला आणि भावाला लावला. त्यानं पहिल्याच रिंगला उचलला.  ती म्हणाली, 'घुबडा... दुकानातून माझाच आवाज येतोय. मला बरं नाहीये.'

 तो म्हणाला, 'आत जाऊ नकोस. तिथंच थांब, मी निघालो. फोन ठेवू नकोस, ताई, बोलत राहा.' जिन्यावर त्याची पावलं धडधडताना तिला ऐकू येत होती.

दुकानाचं दार उघडलं. गेली बारा वर्षं तिच्याकडेच येणारे काका नवा चष्मा लावून बाहेर आले. पायरीवर तिच्यासमोर थबकले, तिच्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं आणि म्हणाले, 'जरा बाजूला होता का, बाई? आत जायचं असेल तर जा. मालकीणबाई आहेत.'